कुंदाबाईच्या कळ्या

केळीच्या घडाला थंडीत जी पांढरी पिशवी घालतात ती कापडासारखी दिसते, पण कापड नसते. हातात धरली तर धरल्यासारखी वाटत नाही.

एक स्टीलचा डबा. झाकणाला पोचा. आत बटणं, हुक, खडूचे तुकडे, बॉबिनी.

०.४२५

सासरी ट्रंकेला कुलूप लावणं बरं दिसत नाही.

गुलाबाई मातीची असते. शेजारी तिचा नवरा गुलोजी. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते, कोजागिरीला जाते. मधला महिनाभर पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि डब्यात कोणता खाऊ आहे ते एकमेकींना ओळखायला लावतात.

खापरावरच्या पुरणपोळीवर तूप नको म्हणणाऱ्या बाईकडे आमच्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

‘वहिनी, आते शंभर करी टाक ना!’ व्हॉट्सॲप, धुळ्याहून, सकाळी सात चाळीस. पुढे हसून हसून रडणारे तीन चेहरे.

कळी १

ही कळी फुलाची नव्हे. वर निमुळती, खाली रुंद अशी कापडाची लांब पट्टी घागऱ्याला लावतात, तिला कळी म्हणतात. पट्टीला पट्टी जोडत गेलं की घेर होतो. कळ्या जितक्या जास्त, तितका घेर मोठा आणि शिवणारीची पाठ तितकी वाकडी.

भडगावात, सुकदेव पाटलांच्या घरात, कळीचा अर्थ वेगळा आहे. केळीचा व्यापारी बांधावर येतो, सुकदेव आबा म्हणतात, ‘घड पंचवीस किलोचा भरेल.’ व्यापारी विचारतो, ‘काट्यावरचे पंचवीस, का कुंदाबाईच्या कळ्या?’ लग्नाला किती माणूस होतं, गिरणेला किती पाणी आलं, डॉक्टरने साखर किती सांगितली, कशालाही हा प्रश्न लागू पडतो. सोसायटीच्या सभेत एकदा चेअरमनने आकडा वाचून दाखवला, तर मागून कोणीतरी हेच विचारलं. चेअरमन भडगावात नवा होता. त्याला कुंदाबाई कोण हे माहीत नव्हतं, तरी तो ओशाळला.

कुंदाबाई म्हणजे सुकदेव आबांची बायको. वय एकसष्ट. कंबर चौतीस, त्यांच्या मते बत्तीस.

झालं होतं एवढंच. एकोणीसशे चौऱ्याऐंशीत लग्न होऊन त्या या घरात आल्या आणि पहिल्याच महिन्यात, शेंगा फोडता फोडता, म्हणाल्या, ‘मनी आजीना घागराले ऐंशी कया व्हत्यात,’ म्हणजे आजीच्या घागऱ्याला ऐंशी कळ्या होत्या. त्यांची आजी पिंपळनेरकडची. तिकडे, गुजरातच्या कडेला, तेव्हा काही घरांतल्या बायका साडी नेसत नसत, घागरा घालत. तो घागरा आजीने नातीला लग्नात दिला होता आणि तो ट्रंकेत होता. सासू म्हणाली, ‘दाखव कधीतरी.’

कधीतरी काही आलं नाही. आणि एक-दीड वर्षात नऊ-दहा वर्षांची नणंद, बेबा, परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन घरभर हिंडायची आणि म्हणायची: ‘माझ्याकडे ऐंशी चिंचा आहेत. वहिनीच्या कळ्यांएवढ्या!’ ओच्यात सहा चिंचा असायच्या.

सगळे हसायचे. हसणं त्या दिवसापासून जे चालू झालं ते चाळीस वर्षं थांबलं नाही.

कळी २

डिसेंबरात पारोळ्याहून निरोप आला. पारोळा हे मोहिनीचं माहेर. मोहिनी म्हणजे कुंदाबाईंची सून, त्यांच्या तेजसची बायको. गावातल्या शाळेत गणित शिकवते. पारोळ्याच्या एका महिला मंडळाने संक्रांतीचं हळदीकुंकू किल्ल्यात ठरवलं होतं. अट अशी, की आपल्या घराण्यात पूर्वी बायका जे घालत ते घालून यायचं, आणि ते घरी शिवलेलं हवं. भाड्याचं चालणार नाही.

‘आई, नऊवारीच ना?’ मोहिनीने विचारलं.

‘नऊवारी बठ्ठ्याच नेसतील. मी घागरा शिवते.’

सुकदेव आबा ओसरीवर ठिबकची नळी साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, ‘किती कळ्यांचा?’

‘ऐंशी.’

आबांनी नळी खाली ठेवली, हात पुसले, फोन घेतला, धुळ्याला बहिणीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

‘बेबा, तुनी वहिनी घागरा शिवी राहिनी.’

पलीकडे चार मशिनी एकदम थांबल्याचं ऐकू आलं. बेबाबाईंचा धुळ्यात शिवणक्लास आहे. अर्ध्या धुळ्याचे ब्लाउज त्यांच्या शिकवलेल्या हातांतून जातात.

‘किती कळ्यांचा रे भाऊ?’

‘इचार ना तिलेच.’

‘ऐंशी!’ कुंदाबाई लांबूनच म्हणाल्या.

मग हसू. बेबाबाईंचं, आणि मागे क्लासमधल्या पोरींचं, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं पण बाई हसल्यावर हसावं लागतं. ‘अगं वहिनी, ऐंशी जोडल्या तर वर कंबर नाही, विहिरीचा काठ लागेल नेफ्याला!’

‘लागू द्या. तुम्हाला पाणी भरायला नाही बोलवायची.’

नऊ वर्षांच्या नणंदेला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं की ते पन्नाशीतही सुटत नाही. त्याचा एक फायदा आहे. टोमणा मारला तरी तो मानाने मारल्यासारखा वाटतो.

कळी ०

ही शिवायची नाही. ही कुंदाबाईंनी मोहिनीला सांगितली, मशीन पुसता पुसता, आबा मळ्यात गेल्यावर.

‘मी मोजल्या होत्या.’

‘ऐंशी?’

‘दोनदा मोजल्या. एकदा आठ-नऊ वर्षांची असताना, पिंपळनेरच्या अंगणात. आजी घागरा वाळत घालायची, मी खालून बोट लावत जायची. चार विसा. आजी म्हणाली, बरोबर.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘तेजसच्या वेळी बाळंत होऊन वर्ष झालं होतं. एक्क्याण्णव साल. वाटलं, ट्रंकेतून काढावा, एकदा घालून बघावा. घातला तर नाडी बांधूनही चार बोटं उघडं. एवढी सुटले मी? म्हणून बसून मोजल्या.’ कुंदाबाईंनी मशिनीच्या चाकावर फडकं फिरवलं. ‘बावन्न.’

मोहिनीने मनातल्या मनात वजाबाकी केली.

‘दोन्ही वेळा मीच मोजल्या,’ कुंदाबाई म्हणाल्या. ‘मग एक तर लहानपणी मला मोजता येत नव्हतं आणि आजीने पोरीचं मन राखायला हो म्हटलं. नाहीतर... नाहीतर काय, तेच मला कळत नाही. तोवर घरात सगळे चिडवायला लागले होते. बावन्न सांगितल्या असत्या तर मेलेच असते.’

‘मग तो घागरा आहे कुठे?’

‘भांडेवालीला दिला. तेव्हाच. कोणी मोजायला नको म्हणून.’ त्यांनी बोटाने डबा दाखवला, पोचा आलेल्या झाकणाचा. ‘हा घेतला त्याच्यावर.’

मोहिनीने डब्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून ती त्यातून बटणं काढत होती.

‘मला एवढंच बघायचंय,’ कुंदाबाई म्हणाल्या, ‘की ऐंशी बसतात का. माणसाच्या कमरेला, चालता येईल अशा. बसल्या तर आजी खरी. नाही बसल्या तर मी गुपचूप नऊवारी नेसते आणि तुझे सासरे मरेपर्यंत जे म्हणतील ते ऐकते.’

मोहिनीने खडू उचलला आणि फरशीवर लिहिलं: चौतीस भागिले ऐंशी.

‘बत्तीस,’ कुंदाबाई म्हणाल्या.

मोहिनीने चौतीसच ठेवले. ‘शून्य पूर्णांक चार दोन पाच इंच. म्हणजे करंगळीहून बारीक, आई. तेवढी तर शिवण असते.’

‘अर्धा इंच धर. जास्तीचं नाडीने ओढून घेऊ.’

पिशव्या

एकदम कापडाला कात्री लावायची छाती झाली नाही. कच्चा घागरा आधी कशाचा तरी करून बघायला हवा होता. जुन्या साड्या बोहारणींनी नेल्या होत्या, जुन्या चादरी ट्रॅक्टर पुसण्यात गेल्या होत्या. घराच्या मागच्या खोलीत मात्र घडांना घालायच्या पिशव्यांचा गठ्ठा पडून होता. पांढऱ्या, हलक्या, नव्या कोऱ्या.

मोहिनीने पुठ्ठ्याचा फर्मा कापून दिला: वर अर्धा इंच, खाली सहा, दोन्हीकडे शिवणीला पाव-पाव. एक कळी सरळ, एक उलटी, अशी लावत गेलं की वाया काही जात नाही. गणित बरोबर होतं. हात नवे होते. दहा पिशव्यांत व्हायचं ते सतरांत झालं.

तीन दिवसांनी, दुपारी, कुंदाबाई साडीवरून तो पिशव्यांचा घागरा चढवून ओसरीवर आल्या.

आवाज असा, की कोणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडतंय आणि ती सुटतच नाही. घेर एवढा, की दारातून येताना दोन्ही बाजूंनी दाबून आणावा लागला. गिरणेकडून वारा आला आणि घागरा एका अंगाने वर उचलला गेला. कुत्रं आधी भुंकलं, मग विचार करून खाटेखाली गेलं.

पण कमरेवर तो बसला होता. ऐंशीच्या ऐंशी. नाडी ओढून, गाठ मारून, वर दोन बोटं नाडी शिल्लक.

‘मोज,’ त्या मोहिनीला म्हणाल्या.

मोहिनी गुडघ्यावर बसून मोजत असतानाच आबा मळ्यातून आले. दारात उभे राहिले. बायकोकडे बघितलं, पायापासून वर, मग परत खाली.

‘काय शे हाई?’

‘घागरा.’

‘बठ्ठ्या पिशव्या कोठे गयात?’

‘बठ्ठ्या नाही. सतरा.’

आबा खाटेवर बसले. ‘रात्री दहा अंशांच्या खाली जाईल म्हणतात थंडी. तिकडे मना सतरा घड उघडा, आणि आठे एकच घड, सतरा पिशव्या घालीसन हुबा!’

‘आबा, ऐंशी आहेत,’ मोहिनी खालून म्हणाली. ‘मी मोजल्या.’

‘प्लास्टिकच्या ना? प्लास्टिकच्या एकशेऐंशीही बसतील. कापडाच्या बसवून दाखव म्हणावं.’ आणि जाता जाता: ‘मागून बरी दिसतेस, पण.’

कळी ९

जळगावच्या फुले मार्केटमधून मोहिनीने कापड आणलं. गडद लाल, वर बारीक काळी बुट्टी. नऊ मीटर. तसलंच, कुंदाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, तसलंच नाही, पण आजीला चाललं असतं.

धुळ्याहून रोज सकाळी विचारणा.

‘वहिनी किती झाल्या?’

‘नऊ.’

‘म्हणजे कुंदाबाईच्या नऊ का काट्यावरच्या?’

‘वहिनी फोटो टाक’

‘फोटो टाकला ना आत्याबाई, आता मोजा. – मोहिनी’

‘मोजल्या. नऊच दिसतात. म्हणजे शिवल्या चार असतील’

‘वहिनी आते शंभर करी टाक ना!’

कळी ३१

सुई मोडली.

कळी ३१

सुई मोडली.

कळी ३१

जोडलेल्या एकतीस कळ्यांना वरून नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, लावून बघू, म्हणून बसल्या, आणि तिसरी सुई मोडली. पिशवीची शिवण कागदाएवढी पातळ होती. कापडाची तशी नव्हती. प्रत्येक जोडाला दोन्हीकडचं कापड आत दुमडलेलं, आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर एक जोड. कंबर कंबर राहिली नव्हती, नाडा झाला होता, बैलाच्या गळ्यातला. एकतीसला हे, तर ऐंशीला काय?

संक्रांत पाच दिवसांवर आली होती.

कुंदाबाईंनी मशीन बंद केलं. मोहिनीला म्हणाल्या, ‘झालं. नाही बसत. आजीने माझं मन राखलं गं.’

मोहिनीने काय करावं? तिने सासूला न विचारता धुळ्याला फोन केला.

कळी ३१, अजून

बेबाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आल्या. हातात स्वतःची कात्री. त्या दुसऱ्याच्या कात्रीला हात लावत नाहीत. ओसरीवर भावाने विचारलं, ‘बेबा, तू मदतीले उनी का मज्या बघाले?’ त्या म्हणाल्या, ‘तिकीट एकच काढलं, भाऊ. दोन्ही बघून घेते.’

आत आल्या, मांडी घातली, कंबरेचा तो नाडा बोटांत दाबून पाहिला आणि हसायला लागल्या. ‘वहिनी! हे काय, बैल जुंपायचाय?’

‘तुम्हीच म्हणाला होतात, नाही बसणार. नाही बसत.’

बेबाबाईंनी बोलता बोलताच शिवण उसवायला घेतली. वर्गात शंभर वेळा एकच गोष्ट सांगितलेल्या बाईचा आवाज लागला त्यांचा. ‘नाही कशी बसणार? शिवणी तू फोडून दोन्हीकडे उघडल्यास. अशाने होतो जाड. बठ्ठ्या एकाच अंगाला झुकवायच्या, डावीकडे, एकीवर एक, माशाच्या खवल्यासारख्या. मग त्यावर आतून तिरप्या कापडाची मगजी. हिरवी. आणि नेफा ह्याच्यातच नाही दुमडायचा, नेफा वेगळा लावायचा वरून, पातळ मलमलचा. तिथे तर मलमल इतकी जुनी होती की...’

बेबाबाई थांबल्या.

बाहेर आबांच्या नळीतून पाणी फुसफुसत होतं.

‘हिरवी का, आत्याबाई?’ मोहिनीने विचारलं. ‘घागरा लाल आहे.’

‘कोणतीही. हिरवी म्हणजे... कोणतीही.’

कुंदाबाई नणंदेकडे बघत होत्या. त्यांनी घागऱ्याचा घेर मोजला होता. दोनदा मोजला होता. आत काय आहे ते त्यांनी कधी उलटून बघितलं नव्हतं. एकदाच बघितलं होतं, भांडेवालीसमोर, घडी घालताना. हिरवी पट्टी होती.

‘बेबाबाई,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला आतलं कसं ठाऊक?’

पन्नास वर्षांच्या, तीस पोरींना शिवण शिकवणाऱ्या, धुळ्यात एका शब्दावर दुकानदाराकडून थान परत घ्यायला लावणाऱ्या बेबाबाई नऊ वर्षांच्या झाल्या. कात्री उघडली, मिटली.

‘ट्रंकेला कुलूप नव्हतं, वहिनी.’

कळी ८० वजा ४

गुलाबाई बसली होती. बाकीच्या पोरींच्या गुलाबाया बाजारातल्या चमकीच्या कागदात होत्या. बेबाला आपली वेगळी हवी होती. नवी वहिनी माहेरून आणलेल्या घागऱ्याबद्दल सारखं सांगायची, म्हणून तिने दुपारी ट्रंक उघडली. ऐंशी कळ्यांत चार गेल्या तर काय कळतंय? तिने चार उसवल्या, राहिलेल्या परत जोडल्या, मगजी होती तशी लावली. ती शिवण तिला तेव्हा दोन दुपारी पुरली. बोटं रक्ताळली. आईला म्हणाली, बोरीचा काटा.

कापड उलट्या बाजूने वापरलं. उलटं फिकं होतं, बुट्टी दिसत नव्हती. म्हणून कोणी ओळखलं नाही.

पुढच्या वर्षी गुलाबाई नवी, मग घागराही नवा हवा. पुन्हा चार. आणि मग वहिनीला एक दिवस घागरा काढून मोजायची हुक्की येईल, या भीतीने तिने चिंचांची गोष्ट काढली. ‘मला वाटलं, सगळे हसले तर तू दाखवायचीच नाहीस,’ बेबाबाई म्हणाल्या. ‘आणि तू नाहीच दाखवलास.’

‘किती वर्षं?’

‘सात. मग मी मोठी झाले, गुलाबाई सोडली.’

मोहिनीने तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि मोठ्याने म्हणाली, ‘सात चोक अठ्ठावीस. ऐंशीतून अठ्ठावीस गेले, बावन्न.’

कुंदाबाईंनी डोळे मिटले. बेबाबाईंना वाटलं, रडतात. त्या मोजत होत्या. पिंपळनेरच्या अंगणात, खालून, बोट लावत. आजी खरी होती. आपणही.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती वेगळीच. ‘म्हणजे मी सुटले नव्हते?’

‘काय?’

‘एक्क्याण्णव साली. घागरा चार बोटं अपुरा पडला. मला वाटलं, मी सुटले. बेबाबाई, मी चौतीस वर्षं पुरणपोळीवर तूप घेतलं नाही!’

मोहिनीला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून आत गेली, तरी ऐकू येतच राहिलं.

बेबाबाईंना मात्र आता धीर आला होता. ‘बरं, बावन्नचा राहिला तो कुठाय? आण. त्यालाच अठ्ठावीस जोडू, झालं.’

कुंदाबाईंनी बटणांचा डबा पुढे सरकवला.

डब्याची गोष्ट कळल्यावर बेबाबाई उठूनच उभ्या राहिल्या. ‘बावन्न कळ्यांचा घागरा! ह्या... ह्या डबड्यावर?’

‘आणि तुम्ही अठ्ठावीस मातीच्या बाईला नेसवल्यात.’

‘देवी होती ती!’

‘आणि यात माझी बटणं राहतात!’

बाहेरून आबांनी हाक मारली, ‘काय चाललंय वं आत?’

दोघी एकदम म्हणाल्या, ‘काही नाही.’

मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि न बोलता ठरलं, की आबांना सांगायचं नाही. आबांना सांगितलं की व्यापाऱ्याला कळेल, व्यापाऱ्याला कळलं की जळगावपर्यंत जाईल.

‘बावन्न तू शिव,’ बेबाबाई खाली बसत म्हणाल्या. ‘अठ्ठावीस माझ्या.’

‘एकतीस झाल्यात माझ्या.’

‘मग एकवीस राहिल्या. बडबड कमी.’

दुपारी जेवायला बसल्यावर बेबाबाईंनी न विचारता वाटीतलं तूप सगळंच्या सगळं वहिनीच्या खिचडीवर ओतलं. आबांनी पाहिलं. ‘बेबा, तिले तूप चालत नही.’

‘आजपासून चालतं, भाऊ.’

कळी ८०

किल्ल्यात नऊवाऱ्या पन्नास तरी होत्या. एक बाई सासऱ्यांचा कोट घालून आली होती आणि घरात कपडे शिवणारे तेच एक होते असं म्हणत होती. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून आबा अर्धा तास बाजारात घिरट्या घालत होते. घागरा मागच्या सीटवर एकटा बसून आला होता, दुसरं कोणी त्याच्याशेजारी मावत नव्हतं. बेबाबाई आणि मोहिनी एसटीने आल्या.

कुंदाबाई पुढे आल्या तेव्हा माईकवाली बाई म्हणाली, ‘अगबाई, केवढा घेर! किती कळ्या, काकू?’

कुंदाबाईंनी दोन्ही हातांनी घेर सावरला. एक्केचाळीस वर्षांत हा आकडा त्यांनी जेव्हा जेव्हा उच्चारला होता, तेव्हा समोरचा हसला होता.

‘ऐंशी.’

माईकवाली हसली. मागे बसलेल्या बायकाही. वाईट नाही, आपलं सवयीने. ‘ऐंशी! बरं बरं, काकूंनी म्हटलं म्हणजे असतील.’

‘असतील नाही,’ मागून कोणीतरी म्हणालं. ‘आहेत.’

बेबाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. साडी खोचली, वहिनीच्या पायाशी दगडी फरशीवर बसल्या, घागऱ्याच्या काठाला बोट लावलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. माईक त्यांनीच मागून घेतला. एक, दोन, तीन. वीस झाले की थांबून: ‘एक ईस.’ कुंदाबाईंना हळूहळू गोल फिरावं लागत होतं. दुसरा ईस होईपर्यंत मुलं जमा झाली. तिसऱ्याला कोटवाली बाईही बरोबरीने मोजायला लागली. बावन्नला बेबाबाईंचं बोट जरा अडखळलं, तिथून पुढची शिवण बारीक होती, क्लासमधली. मग पुढे. एकोणऐंशीला सगळा किल्ला मोजत होता.

‘चार ईस,’ बेबाबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ‘लिहून घ्या कोणीतरी.’

आबा तेवढ्यात गाडी लावून धापा टाकत पोचले होते. त्यांनी शेवटचं सगळं फोनवर घेतलं. परत जाताना गाडीत मागे घागरा, पुढे दोघं. कासोदा फाटा गेल्यावर आबा म्हणाले:

‘एक कमी भरली. मी मोजल्या. एकोणऐंशी.’

‘काट्यावरच्या का?’ कुंदाबाईंनी विचारलं.

आबा हसले. मग दोघंही हसले. त्यात घागऱ्याचा आवाज आला नाही, कारण कापडाचा घागरा वाजत नाही.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या भाद्रपदात, बेबाच्या गुलाबाईचा फिकट लाल घागरा बघून सगळ्यांत आधी ‘किती गोड दिसतोय, कोणी शिवला?’ असं म्हणाली ती घरातली नवी सून होती.